पाटकऱ्याचं घर: घराण्याचे कागद शोधायचे तर सुरुवात कुठून करावी

माझी मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, नव्या माणसाला घराची ओळख करून देताना आडनाव कधी सांगायचीच नाही. "आमनं घर पाटकरीसनं," एवढंच म्हणायची. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारा. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, नाशिकला मुलाकडे राहायला आले आणि मग घराण्याचा शोध घ्यायला लागले. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा गेले तेव्हा आमचं आडनाव सांगितलं आणि "या घराण्याचं काही आहे का?" असं विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे मलाच विचारलं, "तुमचे लोक काय काम करायचे?" मोठ्या मायचं ते वाक्य मला त्या क्षणी आठवलं. पुढची चार वर्षं मी आडनाव बाजूला ठेवलं आणि पाट शोधला. तुम्हीही तसंच करा, कारण जुन्या कागदांत साध्या शेतकऱ्या-कारागिराचं आडनाव क्वचितच असतं. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि काम मात्र असतं.

ग्रंथालयात जाण्याआधी निदान महिनाभर घरातच काम करा. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ धान्य घेतात. तुमच्या रोटांत कोणकोणती घरं येतात, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. सुतक कुणाकुणाचं धरतात तेही विचारा. आडनाव वेगळं, गाव वेगळं, तरी सुतक धरतात, असं एखादं घर निघालं तर तुमची एक फांदी सापडली असं समजा. आमची एक फांदी शिंदखेडा भागात अशीच सापडली. तिकडे आडनाव साफ बदललेलं, पण रोट एकच.

पण पुरुषांच्या मुठी मोजून घरातल्या बायका हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न हवेत: आजीचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं, बाळंतपणाला कुठे गेल्या होत्या, कुणाच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला. ही उत्तरं आधी लिहून घ्या. ती सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची असतात. कागद आणखी दहा वर्षं थांबतील, माणसांचं सांगता येत नाही.

मग नकाशा. तुमचं गाव आज ज्या तालुक्या-जिल्ह्यात आहे, तिथेच ते पूर्वीही होतं असं धरून चाललात तर वर्ष वाया जाईल. १८८० चं खानदेशचं इंग्रजी गॅझेटिअर उघडलं तर त्यात साक्री तालुका दिसत नाही, पिंपळनेर दिसतो. शिंदखेड्याच्या जागी विरदेल आहे, जळगावच्या जागी नशिराबाद, रावेरच्या जागी सावदा. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. बागलाण आणि मालेगाव १८६९ ला नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच होते. नंदुरबार तर अगदी अलीकडे, १ जुलै १९९८ ला, वेगळा जिल्हा झाला. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाची अशी उतरंड लिहून ठेवा: कोणत्या काळात कोणता परगणा, कोणता तालुका, कोणता जिल्हा. पुढे सूची चाळताना हे पान सतत उघडावं लागतं. मी ते वहीला आतून चिकटवूनच टाकलं.

धुळ्याच्या मंडळाबद्दल थोडं सांगते, कारण या शोधाची वृत्ती मी तिथे शिकले. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून दप्तरं गोळा करायचे. वाईला सापडलेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे बावीस खंड झाले. आयुष्याच्या शेवटी ते धुळ्याला होते आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. पाठोपाठ १९२७ साली त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. तिथे शिल्पं आहेत, नाणी आहेत, पोथ्या आणि कागद आहेत. अशा ठिकाणी थेट वाचनाच्या टेबलाकडे जाऊ नका. आधी तासभर संग्रहालय बघा. आपल्या मुलखातले दगड, वीरगळ, नाणी डोळ्यांखालून गेली की कागदातली गावांची नावं ओळखीची वाटायला लागतात.

ग्रंथपालांना प्रश्न विचारताना तो लहान करून विचारा. "आमच्या घराण्याचा इतिहास हवाय" या प्रश्नाला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. "पांझरेच्या बंधाऱ्यांवर काय काय आहे?" असं विचारलं की माणूस लगेच उठून कपाटाकडे जातो. हा प्रश्न विचारल्यावर माझ्यापुढे गॅझेटिअर आलं, जुन्या त्रैमासिकांचे अंक आले, फड पद्धतीवरचे लेख आले. आमच्याकडे पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, काही तीन-चारशे वर्षांचे. बंधाऱ्यातून पाट निघतो. त्याच्या भिजीतल्या जमिनीचे बहुधा चार फड पाडतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दर वर्षी ते फिरवायचं. पाणी शेतकऱ्यानं स्वतः वळवायचं नाही, ते गावानं नेमलेला पाटकरी देणार. पाटकऱ्याच्या जोडीला जागले आणि हवालदार. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते छापलेलं वाचल्यावर कळलं की पाटकरी म्हटलं की हिशेब आला, भांडण आलं, आणि भांडण आलं म्हणजे कागद आलाच. तुमच्या घरात पाटीलकी नसेल, कुलकर्ण नसेल, तरी गुरव, चौगुला, सुतार, लोहार, कोतवाल, तराळ असं काही ना काही काम असेलच. त्या कामाचा मोबदला कुणी आणि कसा द्यायचा यावरून गावात कधीतरी वाद झालेला असतो. तो वाद शोधा.

टेबलावर बसण्याचे नियम साधे आहेत, पण ते कसोशीनं पाळा. पेन नको, पेन्सिल न्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती आजच सोडा. घडीवर ताठ झालेला कागद स्वतः उघडू नका, तिथल्या माणसाला उघडू द्या. मोबाइलनं फोटो काढायचा तर आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. दर फोटोत कागदाशेजारी एक चिठ्ठी दिसली पाहिजे, तिच्यावर रुमालाचा किंवा बस्त्याचा (कागदांच्या गाठोड्याचा) क्रमांक आणि तारीख. माझ्याकडे पहिल्या वर्षाचे साठेक फोटो आहेत ज्यांचा ठावठिकाणा मला आता सांगता येत नाही. ते कागद माझ्यापुरते हरवले. आणि नक्कल करताना आहे तसं उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका. आम्हा शिक्षकांना हे फार जड जातं.

आता मोडी लिपी. ती टाळून दीडशे वर्षांच्या मागे जाता येत नाही, आणि शिकायला वाटते तेवढी कठीणही नाही. रोज तासभर दिला तर तीन महिन्यांत अक्षरं लागतात, मग खरा अभ्यास सुरू होतो. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे वर्ग भरतात, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही शिकवतं. अडचण अक्षरांपेक्षा सवयीची असते. लेखक आधी ओळभर शिरोरेषा ओढतो आणि मग बोरू न उचलता अक्षरं खाली टांगत जातो. शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. म्हणून आधी फक्त ओळखीचे शब्द शोधा. 'मौजे' सापडला की पुढे गावाचं नाव. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं, तेव्हा 'मौजे मजकूर' दिसलं की गावाचं नाव वर कुठेतरी एकदाच आलंय, तिकडे परत जा. 'मोर्तब सुद' आलं की कागद संपला. एवढ्या शब्दांवर मी पहिले सहा महिने काढले.

तारखांनी मला सर्वांत जास्त छळलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. शक असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा दिवस असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली, सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर बहुतेक वेळा शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एकंपासून वर चढत. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. मग अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. आलेल्या आकड्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मे मधला दिवस असेल तर ६००, कारण हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं. पानिपत ज्या वर्षी झालं ते 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. युद्ध जानेवारीतलं म्हणून ६०० मिळवले की १७६१. हे एक उदाहरण पाठ करा, बाकीची आपोआप सुटतात. तारखेआधी 'छ' असेल तर तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्यातली तिथी. तिच्यासाठी जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, लागते आणि ती कोणत्याही इतिहास-ग्रंथालयात मागितली की मिळते.

आमच्या घराचा धागा मात्र ग्रंथालयातल्या कपाटात नव्हता. तो चुलत काकांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होता, कडुनिंबाच्या पाल्यात, लाल फडक्यात बांधलेला. काका म्हणाले, "जमिनीचे कागद असतील, वाचता कुणाला येतात!" वीस-बावीस तुकडे होते. मी ते धुळ्याला नेले आणि तिथे नेहमी येणाऱ्या एका वयस्क मोडीवाचकांसमोर ठेवले. त्यांनी एक लांबट कागद वेगळा काढला. महजर होता, म्हणजे गावानं मिळून केलेला निवाडा. वर 'सु॥ सलास सबैन मया व अलफ'. 'सु॥' म्हणजे शुहूर सन. मी बोटांवर मोजलं: तीन, सत्तर, शंभर, हजार. ११७३, म्हणजे १७७२-७३, थोरले माधवराव गेले ते वर्ष. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर खानदेशचा बराच मुलूख मराठ्यांकडे आला होता, त्यामुळे मराठी महजर असणं जुळत होतं. बंधाऱ्याची पाळ फुटली होती आणि ती आधी कुणी भरायची यावरून वरच्या व खालच्या फडातले लोक भांडत होते. साक्ष दिलेल्यांत एक ओळ होती: 'राघो बिन संतू पाटकरी मौजे मजकूर'.

महजराच्या तळाशी बहुतेकांच्या सह्या नसतात, निशाण्या असतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, वाण्यापुढे तराजू, बाईनं साक्ष दिली असेल तर बांगडी. नाव वाचता आलं नाही तरी निशाणीवरून माणसाचं काम कळतं. म्हणून नक्कल करताना निशाणीही काढून घ्या, नुसतं 'निशाणी' असं लिहून पुढे जाऊ नका.

तुमच्याही घरी असं गाठोडं असेल तर ते घाईनं उलगडू नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. त्यानं कागद कायमचा मरतो. कोऱ्या सुती कापडात सैल बांधा. संग्रहालयाला द्यायचे ठरवलंत तर यादी करून, पोच घेऊन द्या.

राघो सापडला १७७२ ला आणि माझ्या पणजोबांची पहिली पक्की नोंद होती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. मधली शंभर वर्षं तहसीलच्या अभिलेख कक्षात भरायची होती. ते काम उलटं, आजपासून मागे, चालतं. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या, एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबर काढा, मग त्या सर्व्हे नंबराचे जुने फेरफार मागा. वारसाचा फेरफार म्हणजे सोनं: मयत कोण, मुलं किती, विधवा कोण, मुली कुठे दिल्या, कधी कधी सगळं एकाच नोंदीत असतं. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, बापाचं असतं. शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर जरूर पाहा, फक्त जन्मतारखेवर विसंबू नका. १ जून ही तारीख आम्ही मास्तरांनीच हजारो मुलांना दिलेली आहे. अलीकडे कुणबी नोंदींच्या निमित्तानं या कक्षांतले जुने मोडी कागद बरेच बाहेर काढले गेले, त्यामुळे कुठल्या तालुक्यात काय शिल्लक आहे हे तिथल्या कारकुनांना आता पूर्वीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. अर्ज लेखी द्या, गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल घाला, पोच घ्या.

खानदेशात सर्व्हे आला तो सुखासुखी नव्हे. १८५२ मध्ये सावदा, रावेर भागात शेतकरी मोजणीविरुद्ध उठले होते. तुमचं गाव त्या पट्ट्यातलं असेल तर त्या सुमाराचे कागद मुद्दाम विचारा.

इथेच माझी मोठी चूक झाली. १८६० च्या आसपासच्या एका कागदात मला 'राघो पाटकरी' दिसला आणि आनंदाच्या भरात मी वंशावळीत रेघ ओढली. दीड वर्षानं लक्षात आलं, १७७२ ला साक्ष देणारा माणूस तेव्हा जिवंत असणं शक्य नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. तो दुसरा राघो होता, बहुधा नातवाचाही मुलगा. मधल्या पिढ्या मी गिळून टाकल्या होत्या. तेव्हापासून मी वंशावळीत दोन रंग वापरते: कागदाचा आधार असलेली रेघ काळी, अंदाजाची लाल. आजही पहिला राघो ते दुसरा राघो यांच्यामध्ये लाल रेघच आहे, आणि ती काळी होईपर्यंत मी ती कुणालाही काळी म्हणून दाखवणार नाही.

कागदांशिवाय आणखी दोन वह्या आहेत. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या असतात. तिथे गाव आणि जात विचारून तुमचे उपाध्ये कोण हे ठरतं. मग आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेलं वाचायला मिळतं. काही समाजांचे भाटही वंशावळीच्या वह्या घेऊन गावोगाव येतात. दोन्ही ठिकाणी दक्षिणा द्या, बसून ऐका, आणि त्यांची वही ही त्यांची उपजीविका आहे हे विसरू नका. पोथ्या असतील तर शेवटचं पान आधी बघा. नक्कल करणारा तिथे स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, शक आणि तिथी लिहितो. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात अशा पोथ्यांचा मोठा संग्रह आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तराला, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या साठ्याकडे, शेवटी जा. तिथे रुमालच्या रुमाल आहेत आणि गाव, परगणा, अंदाजे साल हातात नसेल तर माणूस त्यात बुडतो. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ मध्ये पंचेचाळीस भाग छापले. ते जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात बसून आधी पाहता येतात.

मागच्या दिवाळीनंतर काकांच्या ट्रंकेतला शेवटचा तुकडा मी स्वतः, कुणाची मदत न घेता वाचला. मुद्रांकाचा कागद, पाटाकाठच्या एका वाफ्याची गहाणाची चिठ्ठी. नवरा वारलेला, मुलगा लहान, पाण्याची पाळी दुसऱ्याकडे गेलेली. लिहून देणार: 'सगुणा कोम राघो पाटकरी'. रोटांच्या मुठींत तिचं नाव कधी आलं नसणार. नावाखाली शाईनं काढलेलं एक वाकडं वर्तुळ होतं आणि त्याच्या बाजूला लेखकाच्या हाताचं: 'निशाणी बांगडी'. मी ते वर्तुळ माझ्या वहीत पेन्सिलीनं जसंच्या तसं काढून घेतलं, आणि तिच्या नावापासून मोठ्या मायच्या नावापर्यंत काळी रेघ ओढली.